भोंगा वाजला नाही ते चार दिवस

ते वाक्य मी टेलरच्या दुकानात बसून बोलले. संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. माझ्या ब्लाउजला हूक लावायचे राहिले होते, म्हणून बाकावर थांबले होते. दुकान मुख्य रस्त्यावर, बसस्थानकाच्या जरा अलीकडे. तीन मशिनी, एक कटिंगचं टेबल, भिंतीला टांगलेले शाळेचे गणवेश. टेलर माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला मॅडम. माझ्या वडिलांच्या लग्नातला सदरा त्यांच्या वडिलांनी शिवला होता, इतकी जुनी ओळख.

आमचं गाव मूलहून सिंदेवाहीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. एका अंगाला धानाची शेतं, दुसऱ्या अंगाला जंगल, आणि जंगलाच्या कडेला प्लायवूडचा कारखाना. ट्रक भरभरून ओंडके यायचे. आवारात बाया लाकडाचे पातळ पापुद्रे उन्हात वाळत घालायच्या. वारा तिकडून सुटला की गावभर गोंदाचा उग्र वास यायचा आणि बाहेरून आलेले पाहुणे नाकाला रुमाल लावायचे. आम्हाला तो वास येतच नव्हता. दिवसातून तीनदा भोंगा वाजायचा. त्यावर गावातल्या चुली पेटायच्या, मुलं शाळेला निघायची, म्हातारी माणसं औषधं घ्यायची. तो भोंगा चार दिवस वाजला नव्हता.

त्या संध्याकाळी दुकानात एक मिस्त्रीही होता. टेलरभाऊंना दुकान पुढं वाढवायचं होतं. आणखी दोन मशिनी घेऊन कारखान्याच्या कामगारांचे खाकी कपडे शिवायचा विचार होता. मिस्त्री टेपनं जागा मोजत होता. आणून रचलेल्या विटा पुरतील का, पत्रे किती लागतील, असं बोलणं चाललं होतं. मध्येच टेलरभाऊंनी मान वर केली.

"मॅडम, तुमी काय म्हणता? घेऊ मशिनी?"

मी त्यांना म्हणाले, "भाऊ, घाई नका करू. भोंगा चार दिवसांचा बंद आहे. मले काही लक्षण बरं दिसत नाई. मंदी येते तेव्हा असंच होते, आधी आवाज बंद होते."

मला काहीही माहीत नव्हतं. हे मी आज इतक्या वर्षांनी सरळ लिहू शकते. त्या दिवशी सकाळी मी अकरावीच्या वर्गाला व्यापारचक्र शिकवलं होतं. तेजी, मंदी, फळ्यावर वर-खाली जाणारी रेघ. ती रेघ डोक्यात होती, एवढंच. पण मी बोलले तेव्हा मशीन थांबली. मिस्त्रीनं टेप गुंडाळला. दोघंही माझ्याकडे बघत राहिले आणि मला ते आवडलं.

ते का आवडलं, हेही सांगायला हवं. आमच्या मोहल्ल्यातून एम.ए. झालेली मी पहिली. वडील वनखात्याच्या डेपोत लाकडं मोजायचे. सही करता यायची, त्यापुढे फारसं नाही. विहारात कार्यक्रम असला की ते मला मुद्दाम पुढच्या सतरंजीवर बसवायचे. कुणी सरकारी कागद घेऊन आलं तर म्हणायचे, "पोरीले विचारा, ते अर्थशास्त्र शिकवते." गावानं आमच्या घरातलं कुणाचं काही ऐकून घ्यावं, ही गोष्ट त्यांच्या लहानपणी घडली नव्हती. माझ्या शब्दाला वजन होतं आणि ते वजन त्यांनी कमावलेलं होतं. मी ते एका ब्लाउजच्या हुकांची वाट पाहता पाहता खर्चून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला भोंगा वाजला. भोंग्याची मोटर जळाली होती आणि तिचा भाग नागपूरहून यायला वेळ लागला होता. बाकी काही झालं नव्हतं. तिन्ही पाळ्या चारही दिवस चालू होत्या. मी पांघरुणात हसले आणि ते बोलणं विसरून गेले.

आठवड्याभरानं दुकानावरून जाताना पाहिलं, तर वाढीव जागेसाठी आणलेल्या विटा तशाच रचलेल्या होत्या. मी विचारलं तर टेलरभाऊ म्हणाले, "थांबतो म्हटलं दोन महिने. काय जल्दी आहे?"

मी म्हणाले, "अहो, भोंगा तर वाजला!"

ते खाली बघून कापड सारखं करत म्हणाले, "वाजला न. पन वाजवाले काय लागते?"

मिस्त्रीचं ते काम गेलं. त्यानं पोरीची सायकल लांबणीवर टाकली, हे मला त्याच्या बायकोकडून कळलं. सायकलवाल्याकडे त्या महिन्यात आणखी कुणीकुणी नाही म्हणून गेलं. असं सगळं मी नंतर जुळवलं. तेव्हा फक्त एवढं जाणवत होतं की लोक दुकानासमोर उभे राहतात, वस्तू हातात घेतात, उलटसुलट करून बघतात आणि परत ठेवतात. कारखान्यातले पगार होत होते. धानही त्या साली बरं झालं होतं. पैसा होता, पण प्रत्येकानं मूठ मिटली होती आणि शेजाऱ्याची मिटलेली मूठ पाहून आपली आणखी घट्ट केली होती.

मग ती बस. मी चंद्रपूरहून पेपर तपासून परत येत होते. मूलला एक बाई चढली आणि माझ्या शेजारी बसली. पन्नाशीची, कपाळावर गोंदण, मांडीवर भाजीची पिशवी. मी कुठली, तिनं विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं, बाकी काही सांगितलं नाही.

"मंग तुमाले माहीत असन," ती जवळ सरकून म्हणाली. "तुमचा कारखाना बंद होऊन राह्यला न जी?"

"कोणी सांगतलं?"

"माह्या भाचीचं लगन जुळत होतं तिकडं. पोरगा कारखान्यात आहे. आमी नाई म्हणून टाकलं. तुमच्या गावात कॉलेजची मॅडम आहे न कोनी, तिले आतून माहीत आहे म्हणते. मालकाचे कागद तिनं पाह्यले. चार दिवस भोंगा बंद ठेवून माल काढला बाहेर."

बाहेर सागाचं जंगल मागे जात होतं. पानगळ झालेली, सगळी झाडं उभीच्या उभी उघडी. मी बोललेलं वाक्य माझ्यापासून निघून, गावोगाव फिरून, अंगावर नवीन कपडे चढवून माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसलं होतं आणि मला ओळखत नव्हतं.

ती मॅडम मीच आहे आणि मी कुठलेही कागद पाहिलेले नाहीत, हे त्या क्षणी सांगता आलं असतं. एक लग्न कदाचित वाचलं असतं. मी खिडकीकडे तोंड केलं. माझं गाव येईपर्यंत ती बोलत होती आणि मी हूं हूं करत होते. पहिलं वाक्य मी अजाणता बोलले, असं मी स्वतःला समजावू शकते. बसमधल्या गप्प बसण्याला तशी काही पळवाट नाही.

घरी आल्यावर वडिलांना सांगितलं. ते तेव्हा निवृत्त होऊन खाटेवर बसून असायचे. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जाय. ज्याले ज्याले सांगतलं त्याले जाऊन सांग का मले माहीत नव्हतं."

"मी एकालाच सांगतलं होतं, बाबा."

"मंग त्या एकाले सांग."

मी गेले. एकालाच नाही, गुरुवारच्या बाजारात फिरून दहा जणांना सांगितलं. भांडेवाल्याला, चप्पलवाल्याला, किराण्याच्या दुकानात सगळ्यांसमोर. "कारखाना चांगला चालू आहे, मी काहीच पाहिलेलं नाही, मी उगाच बोलले." लोक अदबीनं ऐकायचे. मान हलवायचे. आणि मी वळले की मागे आवाज खाली जायचा. चप्पलवाल्याच्या दुकानातून बाहेर पडताना कानावर आलं ते असं: "पाह्यलं काय? आता झाकून राह्यली. मालकानं दम देल्ला असन."

त्यानंतर मी थांबले. गाव मला घाबरवायला लागलं. घाबरण्यासारखं वरून काही नव्हतं. दिवेलागणीला दुकानं उघडी असायची, ट्यूबलाइट लागलेल्या, माल नीट मांडलेला, दुकानदार आपापल्या गादीवर बसलेले. पण आत कुणी नसायचं. रस्त्यानं माणसं जात-येत होती आणि तरी एखाद्या घरी मयत झाल्यावर गल्लीत असते तशी शांतता होती. मयत कुणाची, ते कुणी सांगत नव्हतं. भोंगा वाजला की लोक क्षणभर थबकून ऐकायचे. आधी कुणी ऐकत नसे. आता प्रत्येक वेळी चेहऱ्यावर एकच दिसायचं, की आज वाजला, उद्याचं काय.

कारखान्याला आमच्या बाजाराशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचं प्लायवूड रायपूरला, हैदराबादला जायचं. त्यामुळे गावच्या भीतीनं कारखान्याचं काही बिघडणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. पण अनुभवी कारागीर एकेक करून दुसरीकडे जायला लागले. बुडत्या ठिकाणी शेवटपर्यंत कोण थांबणार? पापुद्रे दाबणाऱ्या प्रेसवरचे दोन जुने कामगार तेलंगणात गेले. लाकडाचा ठेकेदार उधारीवर माल द्यायचा, तो रोख मागू लागला. माल खराब निघतो म्हणून तक्रारी आल्या. पावसाळ्याच्या तोंडी तिसरी पाळी बंद केली. बंद केली त्या दिवशी गावाला बरं वाटलं. खोटं लिहीत नाही, मी लोकांच्या तोंडावर पाहिलं. आपण म्हणत होतो ते खरं ठरलं, याचं समाधान.

त्याच सुमारास वर्गात एक मुलगी उभी राहिली. वडील कारखान्यात बॉयलरवर. शांत मुलगी, कधी प्रश्न विचारायची नाही.

"मॅडम, लोक घाबरतात म्हणून मंदी येते, की मंदी येते म्हणून लोक घाबरतात?"

पुस्तकात त्याचं उत्तर होतं. दोन्ही मतं होती, दोन परिच्छेदांत. काही विद्वान म्हणतात मागणी, उत्पादन, व्याज ही कारणं खरी, मन त्यांच्या मागून येतं. काही म्हणतात अपेक्षा बदलल्या की बाकीचं बदलतं. मी दोन्ही परिच्छेद सांगितले. ती उभीच राहिली. "पण आपल्या गावात?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "बस खाली." माझा आवाज चढला होता. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. त्या मुलीनं बारावीला अर्थशास्त्र घेतलं नाही.

पुढच्या वर्षी कारखाना बंद झाला. फाटकावर कागद लागला. त्यात लिहिलं होतं की बाहेरून येणारा स्वस्त माल आणि लाकडाची टंचाई यांमुळे कारखाना बंद करावा लागत आहे. ते खोटं नसावं. आजूबाजूच्या जिल्ह्यांतलेही एकदोन असे कारखाने त्या काळात बंद पडले, आणि तिथल्या एखाद्या टेलरच्या दुकानात बसून मी काही बोलले नव्हते. हे मी स्वतःला कितीतरी वेळा सांगितलं आहे. मग लगेच दुसरं मनात येतं, की तिथेही कुणीतरी बोललं असेल.

वडील त्या हिवाळ्यात गेले. शेवटपर्यंत त्यांनी मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. फक्त कुणी कागद घेऊन आलं की ते आता म्हणायचे, "तहसीलात विचारा जी, तिथं बरोबर सांगते."

टेलरभाऊंनी उन्हाळ्यात दुकान सोडलं. मी भेटायला गेले तेव्हा मशिनी टेम्पोत चढत होत्या. ते माझ्याशी नीट बोलले, चहा मागवला, वहिनी आतून येऊन भेटल्या. मला वाटलं होतं ते काही बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. "नागपूरले माहा साळा आहे, त्याच्या बाजूले जागा भेटली," एवढंच म्हणाले. रचलेल्या विटांवर तोवर शेवाळ आलं होतं.

सहा-सात वर्षांनी मी त्यांना नागपुरात शोधलं. मुद्दाम. एका मोठ्या कापड दुकानाच्या बाहेर, जिन्याखाली, एकच मशीन घेऊन बसले होते. नवीन पँटची लांबी कमी करणं, चेन बदलणं, असली कामं. दाढी पांढरी झाली होती. मला पाहून उठून उभे राहिले, गिऱ्हाइकाचं स्टूल पुसून दिलं.

मी ठरवून गेले होते, त्यामुळे फार वेळ लावला नाही. म्हणाले, "भाऊ, तुमचं दुकान माझ्यामुळं गेलं. मी त्या दिवशी उगाच बोलले होते."

"कोनत्या दिवशी?"

मी सगळं सांगितलं. हूक, मिस्त्री, भोंगा. ते ऐकत होते, पण त्यांना आठवत नव्हतं हे मला दिसत होतं. मग त्यांनी सुई पिनकुशनमध्ये टोचली आणि हात मांडीवर ठेवले.

"तुमी नाई मॅडम. ते मी केलं."

मी स्टूल जरा पुढं ओढलं.

"मशीनवाला एजंट चंद्रपूरहून आला होता. मी काही ठरवत नाई पाहून, मंग घरवालीले विचारून घ्या न, असा टोमना मारला मले. माही हिंमत होऊन नाई राह्यली होती मशीन घ्याची. कर्जाचं भ्याव वाटे. पन तसं सांगाले शरम वाटली. त्याले म्हटलं, कारखाना बंद होऊन राह्यला, पक्की खबर आहे, मशीन घेऊन काय करू? तो एजंट साऱ्या गावाले फिरनारा मानूस. मूल, सिंदेवाही, नागभीड. आठ दिवसांत त्यानं ते सारीकडं पोचवलं. कोन बोललं म्हणून विचारलं असन, तर कोनाचं नाव सांगतलं असन मी? आता तुमी म्हणता तर... तुमचंच सांगतलं असन."

त्यांनी मशीनचं चाक उगाच हातानं फिरवलं. "नमाजले बसलो तरी ते येते मॅडम. तिनशे घरं होते त्या कारखान्याच्या मागं. मी एका मशीनीच्या भ्यावानं..."

मी म्हणाले, पण ते मनात कुणी घातलं? मीच ना? ते म्हणाले, नाही, भीती माझी आधीपासूनची. आम्ही दोघं त्या जिन्याखाली बसून एकमेकांकडून ती चूक ओढून घेत होतो. एक तरुण पँट घेऊन आला आणि किती वेळ लागेल म्हणून विचारू लागला. टेलरभाऊंनी टेप काढला.

मला हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. परतीच्या बसमध्ये मी गावातल्या एकेका माणसाचा चेहरा आठवत होते. भांडेवाला, सायकलवाला, ते लग्न मोडणारी बाई, लाकडाचा ठेकेदार. यातल्या प्रत्येकाला कधीतरी वाटलं असेल का की हे आपण केलं? की माझ्या आणि टेलरभाऊंखेरीज कुणालाच वाटलं नाही? दोन्हींपैकी कुठलं जास्त वाईट, ते मला आजही ठरवता येत नाही. सगळ्यांनी मिळून केलेली गोष्ट एकेकट्यानं घेऊन झोपावं लागतं, एवढं खरं.

कारखान्याच्या आवारात आता झुडपं माजली आहेत. रानडुकरं असतात. मागच्या वर्षी तिथे अस्वलही दिसलं म्हणतात. मी निवृत्त झाले, पण गावातच आहे.

गेल्या महिन्यात तो मिस्त्री घरी आला. आता थकला आहे, काम मुलगा बघतो. आला, बसला, पाणी प्यायला, इकडचं तिकडचं बोलला. मग मूळ मुद्द्यावर आला. आमच्या रस्त्यावर लोखंडाचा मोठा कारखाना येणार, अशी हवा आहे. कुणी कागद पाहिलेला नाही. पण रस्त्याकडेच्या जमिनीचे भाव चढले आहेत, दोन नवीन हॉटेलं झाली आहेत, एकानं जेसीबी घेतला आहे. बाजारात गर्दी आहे. लोक हसताना दिसतात. मिस्त्रीच्या मुलाला धानाच्या शेताची बांधी विकून रस्त्यावर दुकानांची चाळ काढायची आहे.

"खरं आहे काय जी मॅडम? येईन काय कारखाना?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"तुमाले नाई माहीत तर कोनाले माहीत असन?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. त्या संध्याकाळचं, ज्या दिवशी तो टेप घेऊन उभा होता. बसमधल्या बाईचं. जिन्याखालच्या टेलरभाऊंचं. इतकं सलग मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याच्या कपातला चहा निवून गेला. तो मन लावून ऐकत होता, मध्येमध्ये "हो जी, हो जी" म्हणत होता. त्याच्या पोरीची सायकल राहून गेली, तेही मी बोलले. त्यावर त्याचे डोळे जरा पाणावले.

माझं संपल्यावर त्यानं तो निवलेला चहा एका घोटात संपवला. मग हळूच म्हणाला, "म्हंजे मॅडम, बांधी विकू नको म्हणता."

"मी तसं नाही म्हणत."

"मंग विकू?"

तो माझा चेहरा वाचत होता, डोळे, ओठ, हात. मी उठून आत गेले, तोंडावर पाणी मारलं आणि तिथेच नळाजवळ उभी राहिले. बाहेर आले तेव्हा तो चपला घालून पायरी उतरत होता. त्यानं मागे वळून नमस्कार केला.

बांधी विकली. चाळीचा पाया खणून झाला आहे. रोज संध्याकाळी मी फिरायला त्याच रस्त्यानं जाते. मिस्त्रीचा मुलगा तिथून हात उंचावतो, मीही उंचावते, आणि चालण्याचा वेग वाढवते.